ऐकायचं पान

मी एक बोलका डबा बोलतोय. आतापर्यंत दुसऱ्यांनी लिहिलेलंच बोलत आलो. आज चार शब्द स्वतःचे बोलून घेतो.

दिसायला माझ्यात काही नाही. जेवणाच्या डब्याएवढं पत्र्याचं चौकोनी अंग, पुढे जाळी, जाळीमागे स्पीकर, बाजूला आवाज कमीजास्त करायचं गोल बटण आणि पाठीमागे कॉम्प्युटरला जोडायची जाड वायर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटलेली अक्षरं त्या वायरीतून माझ्याकडे येतात आणि मी ती मोठ्याने म्हणतो. ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांच्यासाठी माझा जन्म झाला.

जन्म परदेशातला, एकोणीसशे एकोणनव्वद सालचा. त्यामुळे बोली इंग्रजी, आणि तीही नाकातली. मराठी नावं कोणी इंग्रजी अक्षरांत लिहून दिली की माझी तारांबळ उडायची. जळगावला मी 'जालगॉन' म्हणायचो आणि धुळ्याला 'ढ्यूल'. लोक पोट धरून हसायचे.

माझे पहिले धनी प्रोफेसर बन्सीलाल ओसवाल. धुळ्याच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हा परदेशातल्या भाच्याने मला पाठवून दिलं. सकाळी चहा झाला की सर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसत आणि मी त्यांना निबंध, लेख, जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं वाचून दाखवी. माझे उच्चार ऐकून ते मोठ्याने हसत आणि भिंतीला सांगत, "बघा, हा विलायती पाहुणा!" त्यांच्या घरात मी फार सुखात होतो.

सर गेले आणि माझा आवाजही गेला. त्यांच्या पत्नी आक्काबाई यांनी माझ्यावर विणलेला रुमाल टाकला आणि मला कपाटात, जुन्या मफलरींच्या शेजारी ठेवून दिलं. त्यांना दोष कसा देऊ? कोणाच्या वस्तू सांभाळायच्या म्हणजे त्या झाकूनच ठेवायच्या, असंच माणसांना वाटतं. मला मात्र अंधाराचा त्रास नव्हता. त्रास होता तो गप्प बसण्याचा.

कपाटाचं दार उघडलं ते अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात. दारात सरांची जुनी विद्यार्थिनी उभी होती, कल्पना भारंबे. मूळची सावद्याची, घरी केळीची बाग, आणि आता जळगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होती.

"काकू, सरांचा तो बोलणारा डबा अजून आहे का?" तिने विचारलं. "एका माणसाची नोकरी जायची वेळ आलीय. त्याला तो वापरता आला तर…"

आक्काबाईंनी रुमालासकट मला उचलून तिच्या हातात दिलं. "ने. पण माझ्यासमोर चालू करून बघू नकोस गं. हा बोलला की मला वाटतं, हे आतल्या खोलीत बसलेत."

त्या संध्याकाळी एस.टी.त कल्पनाच्या मांडीवर बसून मी जळगावला आलो.

तो माणूस म्हणजे रुपचंद बैसाणे. तिशी ओलांडलेला, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. लहानपणी देवी आल्या आणि दोन्ही डोळे घेऊन गेल्या. अंधशाळेत शिकून तो धुळ्यातल्या एका कापडगिरणीत टेलिफोन ऑपरेटर झाला. त्याची आई झुंबरबाई त्याच गिरणीत सुताच्या कांड्या भरण्याच्या खात्यात होती. गिरणी बंद पडली तशी मायलेकरं बिऱ्हाड घेऊन जळगावला आली आणि रुपचंद तिथल्या रक्तदाता मंडळात फोनवर बसू लागला.

मंडळ म्हणजे दोन खोल्यांचं ऑफिस. शालिग्राम नाना हे त्याचे कर्तेधर्ते. कोणाला रक्त लागलं की दवाखान्यातून फोन यायचा आणि रुपचंद त्या गटाच्या माणसाला शोधून धाडायचा. जळगावातले बहुतेक रक्तदाते त्याला तोंडपाठ होते. पुढे धुळे, साक्री, पिंपळनेर इथली मंडळं एकत्र आली, नावं पुष्कळ वाढली, फोन नंबर बदलू लागले. म्हणून नानांनी कल्पनाकडून इंटरनेटवर मंडळाचं पान करून घेतलं. बदल झाला की ती ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची, म्हणजे फोनची लाइन अडून राहत नसे.

पान फार देखणं होतं म्हणतात. वर रक्ताचा थेंब हलायचा. खाली तक्ता: आधी नाव, मग गाव, मग फोन, आणि उजव्या कडेला लाल ठसठशीत अक्षरांत रक्तगट. पेपरात त्याचा फोटो छापून आला आणि नानांनी तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला. पण ज्याने ते वाचायचं, त्या रुपचंदला ते दिसत नव्हतं. विश्वस्त कुजबुजू लागले, आता डोळस माणूस ठेवावा लागणार. म्हणून कल्पना मला घ्यायला आली होती.

तिने मला टेबलावर ठेवलं, वायर जोडली, पान वाचणारा प्रोग्राम सुरू केला. मी सरांच्या घरी वाचायचो तसाच सुटलो. इमेज, इमेज, लिंक, मग नावं, गावं, आकडे, एका दमात. साक्रीचा फोन नंबर मी 'बावीस हजार चारशे अमुक' असा इंग्रजीत म्हणालो. कल्पनाने कपाळाला हात लावला.

"राहू द्या ताई," रुपचंद म्हणाला. "कान बसेल हळूहळू. ट्रंक लाइनवर याहून वाईट ऐकलंय."

आणि खरंच, त्याचा कान बसला. महिनाभरात तो माझ्या नाकातल्या इंग्रजीतून खानदेशातली गावं ओळखू लागला. माझ्या 'पिम्पलनर'ला तो बरोबर पिंपळनेर समजायचा.

मग ती गोष्ट घडली.

पिंपळनेरकडचा झुलाल नावाचा माणूस आंब्याच्या झाडावरून पडला. त्याला धुळ्याला आणलं, ऑपरेशन करायचं होतं आणि बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. फोन आला, रुपचंदने पान मधूनच वाचायला लावलं. मी वाचत होतो: "…बी नेग लोटन अहिरे साक्री…" रुपचंदने तिथेच मला थांबवलं आणि लोटनला फोन लावला. लोटन बिचारा हातातलं काम टाकून एस.टी.ने धुळ्याला पोचला. तिथे तपासल्यावर कळलं, त्याचा गट बी पॉझिटिव्ह.

झालं होतं असं, की 'बी नेग' हा आधीच्या माणसाचा गट होता. त्याची ओळ तिथे संपली होती आणि लोटनची सुरू झाली होती. पडद्यावर दोन ओळींमध्ये रेघ होती, मोकळी जागा होती. माझ्याकडे ना रेघ आली, ना जागा. शेवटी नानांनी स्वतः पडद्यावर बघून दुसरा माणूस धाडला. झुलाल वाचला, पण सगळी दुपार वाया गेली. संध्याकाळी त्याच्या भावाचा फोन आला. ओरडला नाही तो. नुसतं का म्हणून विचारलं, "भाऊ, त्या मानूसले काबर धाडं तुम्हनी? आम्हना जीव तठे टांगेल व्हता."

रुपचंदने "चुकलं भाऊ" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ रिसीव्हरवरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नाना समोर येऊन बसले. "रुपचंद, तुझ्यावर माझा राग नाही. पण उद्या कोणाचा जीव गेला तर आपण काय तोंड दाखवणार? तुझं दुसरीकडे कुठे जमतं का, बघू."

"बघणं माझ्याच्याने व्हायचं नाही नाना," रुपचंद म्हणाला. "ऐकणं होईल. हे पान मी ऐकण्यासारखं करून घेतो. त्यानंतरही चुकलो, तर तुम्ही सांगायच्या आधी मी उठून जाईन."

"पण पान बदलायचं नाही हं," नाना घाईने म्हणाले. "लोकांना ते आवडलंय."

कल्पना दारातच उभी होती. सगळं ऐकून ती आत आली. "नाना, चूक रुपचंदभाऊंची नाही. ते पान मी फक्त डोळ्यांसाठी केलं. दिसण्याला हात न लावता ते दुरुस्त करता येतं का, ते मी शोधते."

तिने शोधलं. पानाचा रंग, अक्षरांचा आकार, कडेची जागा हे सगळं ज्या ओळींत लिहितात, तशाच ओळींत पान ऐकायला कसं असावं हेही लिहिता येतं, असं नुकतंच ठरलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज जाड करायचा, आकडे एकेक करून म्हणायचे की एकदम, कशाबद्दल अजिबात बोलायचं नाही. बरेच प्रोग्राम या ओळींकडे ढुंकूनही बघत नसत. आमचा बघत होता, हे आमचं नशीब.

तोपर्यंत मला लोक काय बोलायचं ते सांगत आले होते. कसं बोलायचं, हे मला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. क्लास सुटला की कल्पना ऑफिसात येई, ओळी लिही, मी वाची आणि रुपचंद डोकं एका बाजूला कलवून ऐके.

पहिल्या दिवशी तिने हौसेने प्रत्येक रकान्याला वेगळा आवाज दिला आणि प्रत्येक ओळीआधी घंटा ठेवली. मी घंटा वाजवत, कधी बाईच्या तर कधी बाप्याच्या आवाजात नावं म्हणू लागलो.

"ताई, हा तर लग्नाचा बँड झाला!" रुपचंद हसायला लागला. "ऐकणाऱ्याने नाव धरायचं का घंटा मोजायच्या?"

"मग तुम्हीच सांगा, काय हवं?"

"गप्प बसायला हवं," तो म्हणाला. "एक माणूस संपला की डब्याने गप्प बसावं. गिरणीत मी बाहेरगावी नंबर सांगायचो, तेव्हा मधे दम घ्यायचो. पलीकडचा त्या दमातच लिहून घेतो."

घंटा गेल्या. ओळीच्या शेवटी थांबा आला. हलणाऱ्या थेंबाबद्दल मी बोलायचं बंद केलं. फोनचे आकडे एकेक झाले. रक्तगट जाड, खालच्या आवाजात आला आणि तो पडद्यावर उजव्या कडेलाच राहिला असला तरी त्याच्यामागचा थांबा इतका पक्का केला, की तो पुढच्या नावाला चिकटणं शक्यच नव्हतं. गावातल्या बऱ्याच जणांकडे तेव्हा स्वतःचा फोन नसे. शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे 'पी.पी.' लिहायचं, म्हणजे त्या माणसाला बोलावून आणायचं. ते मी 'पिप्' म्हणत असे. कल्पनाने तिथे सुटी अक्षरं म्हणायला लावली.

त्यांचं भांडणही झालं. रुपचंदला माझा वेग वाढवून हवा होता. "मला भरभर बोललेलं पुरतं," तो म्हणाला.

"तुम्हाला पुरतं हो. पण उद्या धुळ्याच्या ऑफिसात तुमच्यासारखं कोणी बसलं, तर? त्याचा कान तुमच्यासारखा तयार नसेल."

रुपचंद म्हणाला, "बरोबर. पानाचा वेग बेताचा ठेवा. मला घाई असली तर मी माझ्यापुरता वाढवीन."

एकदा झुंबरबाई जेवणाचा डबा घेऊन आली आणि माझं बोलणं ऐकत उंबऱ्यातच टेकली. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. रुपचंदने विचारलं, "माय, काही समजनं का तुले?"

"हाऊ काय बोलस ते माले काय समजी?" ती म्हणाली. "पन पहिले गिरणीना पट्टा चालस तसं वाटे, थांबाचं नावच नही. आते कळस, कठे एक मानूस सरना आनि कठे दुसरा लागना."

कल्पनाने लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "रुपचंदभाऊ," ती म्हणाली, "पान झालं."

झालं म्हणणं सोपं होतं. नानांनी रुपचंदला फोनवर बसू दिलं, पण शेजारी एक विश्वस्त पडद्याकडे डोळे लावून बसायचा. रुपचंदने नाव सांगितलं की तो आधी पडद्यावर ताडून बघायचा आणि मगच फोन लावू द्यायचा. रुपचंदच्या मनाला ते लागायचं. पण तो रोज वेळेवर आला, रोज बसला.

मे महिना आला. जळगावचा मे, भिंतीसुद्धा तापलेल्या. कॉलेजं बंद, रक्तदाते गावोगाव पांगलेले. भर दुपारी इथल्याच एका दवाखान्यातून फोन आला. सावद्याकडची सुमनबाई नावाची बाई बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह पाहिजे, ताबडतोब. त्यांच्याकडची बाटली लावून झाली होती.

रुपचंदने मला चालू केलं आणि तो गट शोधला. पहिलं नाव आलं. फोन लावला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मी दुसरं नाव म्हणालो. निंबा सपकाळे. थांबलो. नशिराबाद. थांबलो. मग आकडे, एकेक. पी. पी. मग खालच्या आवाजात, ओ नेग. आणि गप्प बसलो.

आणि वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला, मीही बंद पडलो.

पुढचं मी बंद असताना घडलं. कल्पनाने नंतर आक्काबाईंना फोनवर सांगितलं, ते मी ऐकलं. शेजारचा विश्वस्त घाबरला. "आता रे? पडदा गेला! मी नंबर बघितलाच नव्हता!"

"मी ऐकलाय," रुपचंद म्हणाला आणि नंबर फिरवू लागला.

"अरे थांब, चुकला तर? ती बाई तिकडे…"

"चुकणार नाही."

नंबर नशिराबादच्या एका पिठाच्या गिरणीचा होता. तिथेही वीज गेलेली, म्हणून गिरणी बंद होती आणि फोन ऐकू आला.

"हॅलो, जळगावहून रक्तदाता मंडळातून रुपचंद बोलतोय. निंबाभाऊंना बोलावता का? एका बाळंतिणीचा प्रश्न आहे."

"निंबा मळ्यात गेला भाऊ."

"लांब आहे?"

"सायकलीवर लगेच."

"मग सायकल काढा दादा. त्यांना म्हणावं, जेवायचं राहिलं असेल तर काहीतरी खाऊन थेट दवाखान्यात या. मी तिथे निरोप ठेवतो."

गिरणीवाल्याने दुकान तसंच उघडं टाकलं आणि सायकल काढली. निंबा मळ्यातूनच हायवेला आला, जळगावकडे निघालेल्या केळीच्या ट्रकला हात केला आणि दवाखान्यात पोचला. त्याचा गट ओ निगेटिव्हच होता. संध्याकाळी वीज आल्यावर मीही जागा झालो, तेव्हा दवाखान्यातून फोन आला होता. रुपचंद ऐकत होता आणि त्याच्या तोंडून एवढंच निघत होतं, "हो. हो. बाळ कसंय? बरं. बरं."

नाना ऑफिसात आले. त्यांनी विश्वस्ताकडून सगळं ऐकून घेतलं. मग टेबलाशी येऊन म्हणाले, "रुपचंद, तुझ्या शेजारची ही खुर्ची उद्यापासून उचलतो."

"राहू द्या ना," रुपचंद म्हणाला. "कल्पनाताई येतात, त्यांना बसायला लागते."

पुढे दिवस फिरले. नव्याण्णव सरता सरता ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. तो पोटातूनच बोलतो, त्याला माझ्यासारखा वेगळा डबा लागत नाही. पान वाचणारा प्रोग्राम तोच, आवाज मात्र नवा आणि माझ्यापेक्षा गोड. कल्पनाच्या ओळी तोही पाळतो. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण रुपचंदने मला कपाटात ठेवलं नाही. त्याने मला पिशवीत घातलं, एस.टी.त बसला आणि धुळ्याच्या अंधशाळेत आणून बेबाबाई शिरसाठ या शिक्षिकेच्या हातात दिलं. बेबाबाईंना स्वतःलाही दिसत नाही.

"ताई, हा बोलेल ते मुकाट्याने ऐकून घेऊ नका," निघताना तो म्हणाला. "जिथे ऐकताना घोळ होईल, तिथे याला बंद करा आणि पान करणाऱ्याला गाठा. आपला कान कमी पडतो, असं कधी समजू नका. मी तसं समजलो होतो आणि एक माणूस त्यात मरता मरता राहिला."

आता मी इथे असतो. माझं बटण ढिलं झालंय, जाळीला पोचा आलाय, पण आवाज खणखणीत आहे. बेबाबाईंनी रुपचंदचा शब्द खाली पडू दिला नाही. आज सकाळीच मी मुलांना एका परीक्षेचं वेळापत्रक वाचून दाखवत होतो. विषय, तारखा, वार, सगळं एका दमात येऊन एकमेकांत मिसळलं. भूगोल कोणत्या दिवशी, यावरून मुलांची भांडणं लागली. बेबाबाईंनी मला थांबवलं आणि ते पान करणाऱ्या गृहस्थांना फोन लावला.

"पान सुंदर आहे असं सगळे म्हणतात, असेलही. तुम्ही ते कधी ऐकलंय का? नाही ना? मग आता कोणाला तरी ते तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. रेघा नाहीत, रंग नाहीत असं धरून, एका दमात. तुम्ही डोळे मिटून ऐका आणि मला सांगा, भूगोल कधी आहे. नाही, नंतर नाही. आत्ता. मी फोन धरून आहे."

पानं करणाऱ्यांनो, माझंही मागणं एवढंच आहे. तुमचं पान एकदा कानाने वाचून बघा. कुठे थांबायचं ते मला लिहून द्या, मी तिथे नक्की थांबेन.

बेबाबाई अजून फोन कानाला लावून बसल्या आहेत. मुलं गप्प झाली आहेत. पलीकडे कोणीतरी वाचायला लागलंय, आणि दुसरं कोणीतरी त्याला म्हणतंय, "थांब, थांब. पुन्हा पहिल्यापासून वाच."